माझ्यामागें ह्याचें कोण?

(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगीं मंदिर कोणीं उभारिलें, घंटा कोणीं दिली, ह्याचें पुष्कळ वर्णन झालें. तें योग्यच आहे. आम्हांस मात्र एका अपुऱ्या राहिलेल्या कामाविषयीं बोलावयाचें आहे, आणि त्यांत प्रथम आमची स्वतःचीच चूक सांगणें भाग आहे.

आपल्यांतील एका वृद्ध मातेनें मिस्सेनंतर आम्हांस थांबवून विचारिलें, "फादर, माझ्यामागें ह्याचें कोण?" शेजारीं तिचा ३४ वर्षांचा धाकटा मुलगा उभा होता. त्याची समज जन्मापासून मंद, बोलणें अडखळत. हिशेब जमत नाहीं, पण कोण आपल्याशीं कसें वागतें हें तो बिनचूक ओळखतो. आम्हीं तत्काळ थोरल्या भावाचें नांव सुचविलें व त्याच्या पालकत्वासाठीं शिफारसपत्रही लिहून दिलें. आठ दिवसांनीं तो मुलगा एकटाच आमच्या दारीं आला. बराच वेळ उंबऱ्याशीं घुटमळला, आणि म्हणाला, "मला कुणीं विचारलंच नाहीं."

आम्हीं विचारिलें, "मग तुला कोण हवं?" त्यानें शेजारच्या ताईचें नांव घेतलें. कारणही सांगितलें: "ती पासबुक वाचून दाखवते. मग थांबते. दादा म्हणतो, इथें अंगठा लाव."

सेमिनरींत आम्हीं नीतिशास्त्राचे ग्रंथ पुष्कळ वाचले. तरी यरीहोच्या वाटेवर प्रभूनें आंधळ्या बार्तीमयास, त्याचें दुःख डोळ्यांपुढें स्पष्ट दिसत असतांही, तुला काय हवें असें प्रथम विचारिलें, ही गोष्ट शिफारसपत्र लिहितांना आम्हांस आठवली नव्हती.

थोरला भाऊ वाईट माणूस नव्हे. परंतु ज्या घराची वांटणी आज ना उद्यां व्हावयाची, त्यांत त्याचाही वांटा आहे. आपल्या देशाचा २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा ह्या ठिकाणीं फार नेमकें बोलतो. पैशाच्या वा मालमत्तेच्या एखाद्या व्यवहारांत साहाय्य करणाऱ्याचे व घेणाऱ्याचे हितसंबंध परस्परविरुद्ध असतील, तर साहाय्यकानें त्या व्यवहारापुरतें बाजूस राहावें. त्यानें गैरवाजवी दडपण आणूं नये. आणि साहाय्यक न पटल्यास दिव्यांग व्यक्तीस तो बदलून दुसऱ्याचें साहाय्य घेतां यावें, अशी त्यांत तरतूद आहे. पालक नेमावाच लागला तरी तो मर्यादित: अमुक निर्णयापुरता, अमुक मुदतीपुरता, व त्या व्यक्तीच्या इच्छेस अनुसरून.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता ह्यांसाठीं १९९९ चा राष्ट्रीय न्यासाचा कायदा आहे. त्यान्वयें पालक नेमणाऱ्या स्थानिक समितींत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधि व एक दिव्यांग व्यक्ति असते. पालक खरोखर हवा काय, व कोणत्या कामासाठीं, हें तिनें आधीं पाहावयाचें असतें. नेमलेल्या पालकानें सहा महिन्यांच्या आंत मालमत्तेची यादी व पुढें दरवर्षीं हिशेब द्यावयाचा असतो. हिशेब हा शब्द ऐकून जो नातेवाईक रागावतो, त्यास आमचा दुरून नमस्कार. मानसिक आजाराविषयींच्या २०१७ च्या कायद्यान्वयें तर कोणाही प्रौढास साध्या कागदावर सही वा अंगठा करून आपला प्रतिनिधि नेमतां येतो, व पुढें बदलतांही येतो.

नाशकांत रजनीताई लिमये ह्यांनीं १९७७ सालीं प्रबोधिनी विद्यामंदिर काढिलें. त्या काळचीं मुलें आज पन्नाशीच्या आसपास पोंचलीं, आणि आईबाप थकले. आपल्या अंबडची अडचण आणखी निराळी. आपणांपैकीं पुष्कळ जण कारखान्यांतील कामासाठीं गांवें सोडून आलों. चुलते-मामे तिकडेच राहिले. अशा मुलाच्या खाणाखुणा ज्यांस कळतात तीं माणसें बहुधा शेजारचीं, शाळेंतलीं, कामावरचीं असतात. नात्याचें नाहीं म्हणून तीं पुढें येत नाहींत, आणि नात्याचें नाहीं म्हणून आपणही त्यांस विचारीत नाहीं.

शिफारसपत्र आम्हीं परत घेतलें. आई, दोघे मुलगे व ती ताई असे चौघे आमच्या खोलींत बसले. बँकेच्या कामांत ताई, दुखण्याखुपण्यांत दादा, असें त्या मुलानेंच सांगितलें. घराविषयीं अद्याप ठरलेलें नाहीं. दादा त्या दिवशीं थोडा रुसूनच गेला.

येत्या रविवारीं मिस्सेनंतर अशा कुटुंबांसाठीं आम्ही कार्यालयांत बसणार आहों. येतांना कागदपत्रें आणावीं. आणि ज्याच्यासाठीं यावयाचें, त्यास घरीं ठेवून येऊं नये.