मिठाची झिलई

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आपण आरोग्य, बालसंगोपन असे उपयोगी विषय ऐकत आला आहात. माझा विषय त्या मानाने निरुपयोगीच म्हणायचा. मुलाच्या बिऱ्हाडी लंडनला दोनतीनदा राहण्याचा योग आला, आणि तिकडच्या जुन्या बाजारांत हिंडता हिंडता जुनी इंग्रजी ‘स्टोनवेअर’ भांडी जमविण्याचा छंद मला जडला. त्याविषयी चार शब्द सांगते.

स्टोनवेअर म्हणजे काय, हे कळण्यासाठी आपली लोणच्याची बरणी डोळ्यांसमोर आणा. साधे मडके पाझरते. पण योग्य जातीची माती बाराशे अंशांपर्यंत भाजली, की ती एकजीव होऊन दगडासारखी घट्ट बनते; मग तिला ना खार बाधत, ना आंबट. इंग्रज कुंभारांची झिलईची रीत मात्र मोठी गमतीची. भट्टी ऐन तापली, की ते आत चक्क मीठ टाकीत! मिठाची वाफ मातीतल्या सिलिकेशी मिळून भांड्यावर काचेचा पातळ थर चढे. त्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे उमटतात. म्हणून मी भांडे आधी बोटांनी पाहते, डोळ्यांनी मागाहून.

इंग्लंडात ही भांडी प्रथम जर्मनीहून येत. त्यांतल्या कित्येक सुरयांच्या गळ्यावर दाढीवाल्या पुरुषाचा चेहरा असे. चेटूक उलटविण्यासाठी त्यांत केस, टाचण्या, खिळे घालून लोक त्या चुलीखाली पुरीत. उतारे-तोडगे काय आपल्याकडेच होते थोडेच!

पुढे १६७२ साली जॉन ड्वाइट याने ही विद्या साधून राजाकडून सनद मिळविली आणि फुलहॅम येथे कारखाना चालविला. या ड्वाइटची लिडिया नावाची मुलगी १६७४ च्या मार्चमध्ये लहानपणीच वारली. तिची त्याच मातीची प्रतिमा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. डोके उशीवर, डोळे मिटलेले, हातांत फुले. पाठीवर नाव आणि मृत्यूची तारीख. शेजारच्या दुसऱ्या प्रतिमेत तीच मुलगी कफन पांघरून उठून उभी राहिली आहे. बाटल्या आणि सुरया घडविणाऱ्या बापाला आपले दुःख ठेवावयास भट्टीवाचून दुसरी जागा नव्हती. त्या कपाटापुढे मी बराच वेळ उभी होते.

नॉटिंगहॅमची तकतकीत तपकिरी भांडी, स्टॅफर्डशरच्या पांढऱ्या चहादाण्या यांचे वर्णन आज करीत नाही. मला ओढ आहे ती लंडनच्या लँबेथ भागातल्या डॉल्टनच्या कामाची. हेन्री डॉल्टन याने १८४६ पासून सांडपाण्याचे नळ करून पैसा मिळविला. कॉलऱ्याचे दिवस होते. शहराला नळ हवेच होते. पुढे शेजारच्या चित्रशाळेतली मुले-मुली त्याने हाताशी घेतली. १८७१ साली हॅना बार्लो तिथे आली. ओल्या मातीवर टोकदार हत्याराने ती घोडे, हरणे, बकऱ्या कोरी आणि त्या रेघांत रंग भरी. रांगोळीसारखे पुसून पुन्हा काढण्याची सोय त्यात नसते. तिची बहीण फ्लॉरेन्स पक्षी रंगवी. बहिणींनी विषय वाटून घेतले होते! पुढे त्या कारखान्यात दोनशेहून अधिक स्त्रिया कामाला होत्या.

आणि भगिनींनो, भांडे उलटे केले की तळाशी त्यांच्या सह्या दिसतात. मुख्य चित्रकर्तीची अक्षरे असतातच, पण नुसते ठिपके नि पाने भरणाऱ्या मदतनीस मुलींच्याही खुणा पुष्कळदा असतात. बायकांच्या हातचे कितीतरी काम जगात बिननावाने पडले आहे. इथे मात्र नाव भट्टीतून पक्के होऊन निघाले.

मार्टिन बंधूंचे मान निघणारे विक्षिप्त पक्षी आता श्रीमंतांच्या लिलावातच दिसतात. आपल्यासारखीने शिकारीची चित्रे असलेल्या तपकिरी जगापासून आरंभ करावा. ते पुष्कळ सापडतात. तळाशी ‘इंग्लंड’ असा शिक्का असला, तर भांडे बहुधा १८९१ नंतरचे समजावे. लँबेथचा कारखाना १९५६ साली बंद झाला. मिठाच्या भट्टीचा धूर शहरात चालू देण्याचे दिवस संपले होते.

आमच्या वन्सं म्हणतात, तडा गेलेले भांडे घरात ठेवू नये. त्यांचा मान राखून मी एक ठेवले आहे. तळाशी हॅना बार्लोची अक्षरे आहेत, बाजूला एका मदतनीस मुलीची खूण. ती कोणाची, याचा शोध अजून चालू आहे. तो जग आज बरोबर आणला आहे, मागच्या टेबलावर आहे. चहाच्या वेळी अवश्य हातात घेऊन पाहा. कान तेवढा धरू नका, तो चिकटविलेला आहे.