मोटारीची जाहिरात आणि बसची रांग

(नागपूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



जाहिरात मालाची माहिती देते, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. मोटारीच्या जाहिरातीचा इतिहास निराळे सांगतो.

1908 साली फोर्डने ‘मॉडेल टी’ 850 डॉलरला बाजारात आणली. तिच्या जाहिरातीत इंजिन, पोलाद आणि किंमत यांचाच हिशेब असे. उत्पादनाचा वेग वाढला तशी किंमत 1925 पर्यंत 300 डॉलरच्या खाली उतरली. पण गरजू ग्राहकाच्या दारात गाडी आल्यावर पुढची कोणाला विकायची? भांडवलशाहीने याची दोन उत्तरे शोधली. एक उधारीचे : जनरल मोटर्सने 1919 मध्ये हप्तेबंदीसाठी स्वतंत्र कंपनीच काढली. दुसरे असमाधानाचे : दरवर्षी नवे रूप काढून जुनी गाडी मालकाच्याच नजरेतून उतरवायची. 1923 मधील जॉर्डन कंपनीच्या गाजलेल्या जाहिरातीत यंत्राविषयी जवळजवळ अवाक्षर नव्हते; होती ती घोडेस्वाराशी शर्यत लावणारी स्वच्छंद तरुणी. विकले जात होते ते स्वप्न.

आपल्याकडे जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना 1928 मध्ये मुंबईत निघाला. गिऱ्हाईक मात्र संस्थानिक, अधिकारी आणि धनिक. स्वातंत्र्यानंतर परवाना-पद्धतीत आकुर्डीची स्कूटरसुद्धा वर्षानुवर्षे नंबर लावून मिळे. टंचाईच्या काळात जाहिरातीवाचून कोणाचे अडत नव्हते. स्पर्धक उभे राहिल्यावर 1989 मध्ये ‘हमारा बजाज’ दूरदर्शनवर अवतरली आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर कुटुंबाबरोबर राष्ट्रही बसले. उलट 2008 मध्ये एक लाखाची गाडी म्हणून गाजलेल्या नॅनोला ‘सर्वांत स्वस्त’ ही ख्यातीच बाधली. गरिबीचा शिक्का विकत घ्यायला कोणीच तयार नसतो.

येथे समाजवाद्यांनी प्रांजळ असले पाहिजे. दहा-दहा वर्षांची प्रतीक्षायादी म्हणजे समाजवाद नव्हे. स्कूटरसाठी पैसे साठवणाऱ्या कारकुनाला किंवा शिक्षकाला चंगळवादी म्हणून हिणवणे हा अन्याय आहे. त्याची गरज जाहिरातीने निर्माण केलेली नाही; ती न आलेल्या बसने निर्माण केली. जाहिरातीने त्या गरजेवर प्रतिष्ठेचा मुलामा चढवला, एवढेच.

सीताबर्डीवरून हिंगण्याच्या कारखान्यात पाळीला निघालेल्या कामगाराचा खाडा बस चुकल्यामुळे पडत असेल, तर हप्त्याची दुचाकी ही त्याची चैन नसून सक्तीचा खर्च आहे. मजुरीतून कापला जाणारा अदृश्य करच तो. म्हणून कार्यकर्त्यांनी जाहिरातींच्या निषेधात शक्ती दवडू नये. वेळेवर येणारी, स्वस्त आणि मानाने बसता येईल अशी सार्वजनिक बस ही मागणी लावून धरावी. मोटारीच्या जाहिरातीला तेवढेच खरे उत्तर आहे.