जखमेवरची माशी ओळखावी कशी?

(नवी मुंबईतील दिवाळे येथे शिक्षक, पशुपालक व ग्रामस्थ यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘अंगात किडे पडतील’ हा आपल्या भाषेतील एक भयंकर शाप आहे. भांडणाच्या भरात तो सहज उच्चारला जातो; परंतु एखाद्या जनावराच्या किंवा माणसाच्या जखमेत खरोखरच अळ्या दिसू लागल्या की त्याच शापाची छाया त्या घरावर पडते. कोणाचे तरी पाप फळाला आले अशी कुजबुज होते आणि लाजेपोटी जखम झाकून ठेवली जाते. उपचाराचे पहिले दोन दिवस अशा रीतीने वाया जातात, आणि या व्याधीत दोन दिवसांचे मोल फार मोठे आहे. म्हणून पापपुण्याचा विचार बाजूला ठेवून, या अळ्या ज्या माशीच्या आहेत त्या माशीची ओळख आज आपण करून घेऊ.

दिवाळे हे खाडीकाठचे कोळ्यांचे गाव. जेथे मासळी विकली जाते आणि वाळत घातली जाते तेथे निळ्या-हिरव्या रंगाची चकाकणारी माशी येणारच. तिचे शास्त्रीय नाव क्रायसोमिया मेगासेफाला, म्हणजे मोठ्या डोक्याची माशी. ती कुजणाऱ्या मांसावर, मासळीवर आणि विष्ठेवर वाढते. अन्न दूषित करणारी म्हणून ती उपद्रवी आहे. पण निरोगी, जिवंत मांस खाणारी ती नव्हे.

जिवंत मांसावर उपजीविका करणारी माशी हिचीच सख्खी बहीण शोभेल अशी आहे. तिचे नाव क्रायसोमिया बेझियाना. १९१४ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. आफ्रिका, भारतीय उपखंड आणि आग्नेय आशिया हा तिचा प्रदेश आहे. भारतातील माणसांच्या व जनावरांच्या जखमांत पडणाऱ्या अळ्यांशी तिचा संबंध डब्ल्यू. एस. पॅटन या कीटकशास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास दाखवून दिला. ही माशी सडलेल्या मांसावर अंडी घालीत नाही. तिला उष्ण रक्ताच्या प्राण्याची जिवंत जखमच लागते.

मग दोघींतील भेद ओळखावा कसा? दोघीही घरमाशीपेक्षा थोराड, दोघींचेही अंग धातूसारखे चकाकणारे. भिंगातून पाहिल्यास पंखाच्या मुळाशी एक लहान पापुद्रा दिसतो. मासळीवरच्या माशीत तो काळपट तपकिरी असतो, तर जखमेच्या माशीत मेणासारखा पांढरा. मासळीवरच्या नर माशीचे डोळे विशेष मोठे असतात आणि त्यांच्या वरच्या भागातील कणिका खालच्या कणिकांहून स्पष्टपणे मोठ्या दिसतात. परंतु ही परीक्षा प्रयोगशाळेत शोभणारी आहे. जखमेची माशी क्वचितच हाती लागते. जनावरावर येऊन, अंडी घालून ती निघून जाते. आपल्या दृष्टीस पडते ती तिची संतती. म्हणून खरी ओळख अंड्यांवरून आणि अळीवरून करावयाची.

मादी जखमेच्या कोरड्या कडेवर एका वेळी सुमारे १५० ते २०० पांढरी अंडी घालते. ती कौलांसारखी एकाला एक चिकटून बसवलेली दिसतात. १२ ते २४ तासांत अळ्या बाहेर पडतात आणि डोके खाली, शेपूट वर अशा स्थितीत मांसात शिरतात. पूर्ण वाढलेली अळी दीड सेंटिमीटरच्या आसपास भरते. तिच्या प्रत्येक वलयाभोवती बारीक काळसर काट्यांचे पट्टे असतात, त्यामुळे ती मळसूत्री खिळ्यासारखी दिसते. इंग्रजीत तिला ‘स्क्रूवर्म’ म्हणतात ते यामुळेच. तिच्या मागील टोकास दोन श्वसनपट्टिका असून प्रत्येकीत तीन फटी असतात. क्रायसोमिया कुळातील काही अळ्यांच्या अंगावर मांसल उंचवटे असतात. तसे उंचवटे या अळीवर नसतात.

पाच ते सात दिवसांत अळी पुष्ट होते, जखमेतून जमिनीवर पडते आणि मातीत कोष करते. उष्ण हवेत आठवड्याभरात त्यातून नवी माशी निघते. यावरून एक व्यावहारिक बोध घ्यावयाचा. चिमट्याने काढलेल्या अळ्या अंगणात फेकून दिल्या तर आपण जनावर वाचवतो, पण माशी पोसतो. काढलेली प्रत्येक अळी नष्ट केलीच पाहिजे.

नेमक्या ओळखीला किती महत्त्व आहे, याचे उदाहरण लिबियाचे घ्या. अमेरिका खंडातील जखमेची माशी कॉक्लिओमिया होमिनिव्होरॅक्स ही १९८८ साली त्या देशात आढळली. तिच्या अळीच्या शरीरातील श्वासनलिका मागील भागात गडद काळ्या दिसतात. आपल्याकडील माशीच्या अळीत तसा लांबवर काळेपणा नसतो. ओळख निश्चित झाल्यावर मेक्सिकोतून त्याच जातीच्या वंध्य केलेल्या माश्या विमानाने आणून सोडण्यात आल्या. वंध्य नराशी संयोग झालेल्या मादीची अंडी फळत नाहीत. सुमारे १३० कोटी माश्या सोडल्या गेल्या आणि १९९१ मध्ये ती माशी तेथून नाहीशी झाली. जात ओळखण्यात चूक झाली असती, तर हा सारा खर्च व्यर्थ ठरला असता. कारण एका जातीचा वंध्य नर दुसऱ्या जातीच्या मादीच्या उपयोगाचा नसतो.

आपल्याकडे असे अभियान नाही. आपली दक्षता हाच उपाय. नवजात वासराची नाळ, खच्चीकरणाची जखम, गोचिडाने केलेला लहानसा व्रण, कुत्र्याचा कान यांवर रोज नजर ठेवावी. २०२२ साली लम्पी त्वचारोगाने महाराष्ट्रातील गुरांच्या अंगावर गाठी उठल्या. अशा गाठी फुटून झालेल्या जखमांवर माश्या बसण्याचा धोका मोठा असतो. घरात अंथरुणाला खिळलेले वृद्ध किंवा पायाला मधुमेही व्रण असलेले रुग्ण असतील, तर त्यांचीही तपासणी व्हावी.

अळ्या दिसल्यास रॉकेल किंवा फिनेल ओतू नये. त्याने जिवंत मांस भाजते. सीताफळाचा पाला बांधण्याची जुनी चाल आहे. पण खोल गेलेल्या अळ्यांसाठी तिच्यावर विसंबून राहू नये. जनावरासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात अथवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. माणसाला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. जखमेच्या खोल भागातील काही अळ्या गरम पाण्यात मारून ८० टक्के अल्कोहोलमध्ये बाटलीत ठेवल्या व सोबत स्थळ आणि तारीख लिहिली, तर तज्ज्ञाला जात सांगता येते.

शिक्षकांनी वर्गातील भिंगाखाली विद्यार्थ्यांना माशीच्या पंखाचा तो पांढरा पापुद्रा शोधावयास लावावा. पंचायत सदस्यांनी आपल्या गावी पशुवैद्यकाला बोलावून पशुपालकांना ही लक्षणे प्रत्यक्ष दाखवावीत. जखमेतील अळी म्हणजे एका माशीने एका दुपारी घातलेल्या अंड्याचे फळ आहे, कोणाच्या पापाचे नव्हे, एवढे घरोघरी पटले तर जखम झाकली जाणार नाही. आणि जी जखम झाकली जात नाही ती वेळीच बरी होते.