‘रॅन’ : पेशीतील एक लहानसे प्रथिन
(संस्थेच्या विज्ञान सभेत दिलेले भाषण)



आज मी फार लहान विषय निवडला आहे. आपल्या शरीरातील पेशींत ‘रॅन’ नावाचे एक प्रथिन असते. अवघ्या २१६ अमिनो आम्लांची ती साखळी. प्रयोगशाळांना लागणाऱ्या साहित्याच्या यादीत ते ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन रॅन’ या नावाने मिळते. यातला ‘ह्यूमन’ शब्द वाचला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो, आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. हे माणसाच्या अंगातून काढतात काय?

नाही. जनुक म्हणजे प्रथिन बनविण्याचा आराखडा. मानवी पेशीतून त्या आराखड्याची नक्कल एकदा उतरवून घेतात, ती डीएनएच्या एका लहान वर्तुळात जोडतात आणि ते वर्तुळ ई. कोलाय नावाच्या जिवाणूत घालतात. पोषक रसात जिवाणू वाढतात आणि स्वतःच्या प्रथिनांबरोबर माणसाचे प्रथिनही बनवीत राहतात. मग जिवाणू फोडून ते वेगळे काढायचे व शुद्ध करायचे.

इन्शुलिनची गोष्ट याच वाटेची. पूर्वी ते डुकरांच्या व गुराढोरांच्या स्वादुपिंडातून काढीत, आणि मधुमेहाच्या कितीतरी मुसलमान रोग्यांच्या मनात त्यामुळे घालमेल होई. १९७८ साली जिवाणूंकडून मानवी इन्शुलिन करवून घेण्यात यश आले व १९८२ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. हलाल-हरामचा निर्णय देणे माझे काम नव्हे, ते आलिमांचे. परंतु निर्णय देणाऱ्याच्या हाती वस्तुस्थिती अचूक पडावी, हे पाहणे विज्ञान शिकलेल्याचे काम आहे. या बाबतीत विचारायचेच असेल तर जिवाणूंच्या पोषक रसात काय काय होते ते विचारावे. पुष्कळदा त्यात दुधातील केसिनचा अर्क असतो. ‘ह्यूमन’ या शब्दाला बिचकण्याचे कारण नाही.

आता रॅनचे काम पाहू. पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते. त्यात आपली गुणसूत्रे असतात. केंद्रकाच्या आवरणाला हजारो छिद्रे असून त्यांतून मालाची सतत ये-जा चालते. आत जायच्या प्रथिनावर एक खूण असते. ती ओळखून ‘इम्पोर्टिन’ नावाचा हमाल ओझे उचलतो. पण ओझे आतच उतरवायचे, बाहेर नाही, हे त्याला कसे समजावे? हमालाला डोळे नाहीत.

ते सांगते रॅन. त्याची दोन रूपे आहेत. जीटीपी हा रेणू धरलेले एक, जीडीपी धरलेले दुसरे. जीडीपी सोडवून जीटीपी धरवणारे प्रथिन, आरसीसी-१, केंद्रकात गुणसूत्रांना चिकटून बसलेले असते. उलट जीटीपीचे जीडीपी करायला लावणारे रॅनगॅप बाहेर असते. म्हणून आत पहिले रूप भरपूर, बाहेर दुसरे. हमाल आत आला की रॅन-जीटीपी त्याला पकडते आणि ओझे गळून पडते. बाहेर नेणाऱ्या हमालांची रीत नेमकी उलटी. रॅन-जीटीपी सोबत असल्याखेरीज ते ओझे उचलतच नाहीत. बाहेर पोहोचल्यावर जीटीपी मोडते आणि ओझे सुटते. रॅन दोन्हीकडे तेच. त्याचे रूप बदलणारे कोठे बसले आहेत, यावर सारा व्यवहार ठरतो.

हे कळायला बरीच वर्षे लागली. ताकेहारू निशिमोतो व त्यांचे सहकारी यांनी १९७८ साली हॅम्स्टर प्राण्याच्या अशा पेशींचे वर्णन केले, की ज्या ३३.५ अंशांवर नीट वाढत, पण ३९.५ अंशांवर नेल्या की डीएनएची नक्कल पुरी होण्याआधीच त्यांची गुणसूत्रे आखडू लागत. बिघाड आरसीसी-१ च्या जनुकात होता, असे पुढे दिसले. १९९१ साली हायडेलबर्गच्या बिशॉफ व पॉन्स्टिंगल यांना हेला पेशींत आरसीसी-१ ला बिलगलेले रॅन सापडले. (या हेला पेशी हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन कृष्णवर्णीय बाईंच्या गाठीतून १९५१ साली, त्यांना न विचारता घेतल्या होत्या. विज्ञानाच्या पुस्तकात हेही छापले पाहिजे.) १९९३ साली प्रथिने केंद्रकात शिरण्यास रॅन आवश्यक आहे हे सिद्ध झाले. ते दाखविणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या मेरी मूर व ग्युंटर ब्लोबेल हे होते. ब्लोबेल यांना पुढे १९९९ चे नोबेल मिळाले, ते प्रथिनांवरील पत्त्यांच्या खुणा शोधल्याबद्दल. त्यांनी ती रक्कम युद्धात बेचिराख झालेल्या ड्रेस्डेन शहरातील चर्च आणि ज्यूंचे प्रार्थनामंदिर पुन्हा उभारण्यासाठी दिली.

खरी गंमत पुढेच आहे. पेशीचे विभाजन होताना केंद्रकाचे आवरण विरघळते. छिद्रे गेली, आत-बाहेर गेले. मग रॅन बेकार झाले काय? आरसीसी-१ तर अजून गुणसूत्रांना चिकटलेलेच आहे. म्हणून गुणसूत्रांच्या अवतीभवती रॅन-जीटीपी दाट राहते आणि ‘गुणसूत्रे येथे आहेत’ हे पेशीला कळते. गुणसूत्रे ओढून वेगळी करणारे धागे तेथेच जमतात. १९९९ साली अनेक गटांनी हे बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात तपासले. त्यांतील काहींनी जिवाणूंकडून मुद्दाम एक बदललेले रॅन करवून घेतले. त्यातील ६९ वे अमिनो आम्ल वेगळे होते, त्यामुळे ते जीटीपी मोडीत नसे. ते अर्कात घातले, आणि गुणसूत्रांचा मागमूस नसताना धाग्यांचे झुबके तयार झाले! हवा तो एकच बदल केलेले प्रथिन निसर्गातून गोळा करता आले नसते. जिवाणूंकडून प्रथिने बनवून घेण्याची खरी किंमत येथे कळते.

या व्यवहाराचा रोग्याला उपयोग व्हायला सुरुवात झाली आहे. मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग. त्यावर सेलिनेक्सॉर या औषधाला २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ते केंद्रकातून माल बाहेर नेणाऱ्या एका हमालाला अडवते, त्यामुळे पेशीला आवर घालणारी प्रथिने आतच राहतात. रॅन स्वतः मात्र औषध नाही. त्याच्या बाटलीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले असते. उद्या कोणी पेशी वाढविणारे टॉनिक म्हणून त्याचे नाव सांगू लागला, तर पैसे काढण्यापूर्वी ते छापलेले त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे.

माझे म्हणणे एवढेच. विद्यार्थ्यांनी आता शंका विचाराव्यात. मुलींच्या बाकांकडून आधी आल्या तर बरे.