पाणी गावात आल्यावर



ग्रामीण पाणीपुरवठ्यावर शासनाने पैसा खर्च केला नाही, असे म्हणता येणार नाही. १९७२-७३ पासून केंद्राने त्यासाठी खास कार्यक्रम हाती घेतला. कठीण खडकात विंधनविहिरी खोदणारी यंत्रे खेडोपाडी फिरू लागली. पण विहिरींवर बसविलेले बिडाचे हातपंप एकेका कुटुंबाच्या वापराच्या बेताने घडविलेले होते. येथे दिवसभर शेकडो हात तो दांडा चालवीत. पंप मोडे, विहिरीत पाणी असे, घागर मात्र रिकामी. दुरुस्तीचा खर्च कोणीच धरलेला नव्हता. सोलापूरच्या पोलादी पंपावरून पुढे ‘इंडिया मार्क २’ हा पंप सिद्ध झाला, तेव्हा कोठे ही मोडतोड आटोक्यात आली.

आज प्रश्न नळाच्या पुढचा आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज किमान ५५ लिटर पाणी हे प्रमाण ठरविले. त्यातील सुमारे ८० टक्के पाणी सांडते, असे अभियंते धरून चालतात. म्हणजे हजार वस्तीच्या गावातून रोज ४४,००० लिटर सांडपाणी! डोक्यावरून आणलेल्या दोन घागरींचे सांडपाणी परसातल्या अळवालाही पुरत नसे.

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२० पासून, सांडपाण्यासाठी तरतूद झाली. पण नळ आणि गटार बरोबरच येतील असे नाही. गटार मागे राहिले की नळाशी डबके साचते. पाणीपुरवठा दिवसातून तासभरच असला, तर उरलेला वेळ नळी रिकामी असते, आणि तिच्या फुटक्या सांध्यातून तेच डबके आत शिरते.