औषध बदलावे, पण खंडू नये

कावीळ उतरली म्हणजे दुखणे सरले, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. ‘हिपॅटायटिस बी’च्या जुनाट विकारात हा समज घातक ठरतो. हा विषाणू यकृताच्या पेशींच्या केंद्रकात आपले बीज दडवून ठेवतो. आजच्या गोळ्या त्याची वाढ रोखतात. ते बीज मात्र उपटून काढीत नाहीत. म्हणूनच त्या बहुधा वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात, आणि केव्हातरी प्रश्न उभा राहतो : चालू औषध बदलावे काय?

बदलास सबळ कारण हवे. १९९८ साली अमेरिकेत या विकारासाठी लॅमिव्हुडीनला मान्यता मिळाली, तेव्हा मोठी आशा वाटली. परंतु पाच वर्षांत शेकडा ७० पर्यंत रुग्णांत विषाणू त्याला दाद देईनासा झाला. असा निर्ढावलेला विषाणू पुढे एन्टेकॅव्हिरलाही लवकर जुमानीत नाही. तेथे टेनोफोव्हिर उपयोगी पडते. टेनोफोव्हिरच्या जुन्या प्रकाराने काहींच्या मूत्रपिंडांस व हाडांस अपाय होतो. त्यांना त्याचा नवा प्रकार, किंवा पूर्वी लॅमिव्हुडीन घेतलेले नसल्यास एन्टेकॅव्हिर देता येते. एन्टेकॅव्हिर घेणाऱ्या स्त्रीस गर्भधारणेची इच्छा असेल, तर तिला टेनोफोव्हिरवर आणतात.

रक्तातील विषाणूंची संख्या वाढली, म्हणजे औषधच निकामी झाले असे मात्र नव्हे. गोळ्या चुकल्या काय, हे रुग्णाने डॉक्टरांना प्रांजळपणे सांगावे. बदलापूर्वी मूत्रपिंडांची व एचआयव्हीची तपासणीही व्हावी. कारण तोही संसर्ग असल्यास यांपैकी एकट्या औषधाने एचआयव्ही निर्ढावतो.

सर्वांत मोठा धोका आहे तो दोन औषधांमधील खंडाचा. बरे वाटते म्हणून, अथवा नवी गोळी अद्याप मिळाली नाही म्हणून जुनी बंद केली, तर दबलेला विषाणू काही आठवड्यांत वा महिन्यांत उसळतो. यकृत निकामी होऊन प्राणावरही बेतू शकते. सामान्यतः आज जुन्या औषधाची शेवटची गोळी, तर उद्या नव्याची पहिली, असा क्रम असतो. घेण्याची रीतही विचारून घ्यावी : एन्टेकॅव्हिर उपाशीपोटी, जेवणापूर्वी व जेवणानंतर दोन तासांचे अंतर ठेवून घ्यावयाचे असते.

औषध कोणते, हे डॉक्टरांनी ठरवावे. एकही दिवस रिकामा जाऊ न देणे, हे मात्र रुग्णाच्या व त्याच्या घरच्यांच्या हाती आहे.