‘ॲव्हरेज किती देते?’
(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, डिसेंबर २०२५. ‘चर्चेचा तास’ या सत्रातील भाषणाचे शब्दांकन.)



आयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिलीत. ‘गाड्यांच्या मायलेजचे नियम आणखी कडक करावेत का?’ हा विषयही त्यांनीच दिला. वर फोनवर तंबी, “तू दोन्हीकडून खाल्लेला माणूस आहेस, तेव्हा दोन्हीकडून बोल.” ते खरंच आहे. डिप्लोमा झाल्यावर एकवीस वर्षं मी चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काढली. आता अकरा वर्षं बोईसरला गॅरेज चालवतोय. नियम कडक झाला की कारखान्यात काय धावपळ होते ते पाहिलंय, आणि तीच गाडी बोनेट उघडून माझ्यासमोर उभी राहते तेव्हा काय होतं तेही रोज पाहतो.

आपल्याकडचं गिऱ्हाईक ‘मायलेज’ म्हणत नाही. ते विचारतं, “ॲव्हरेज किती देते?” गंमत म्हणजे कायद्यातही हाच शब्द आहे. कॉर्पोरेट ॲव्हरेज फ्युएल इकॉनॉमी, थोडक्यात ‘कॅफे’. यात चहा-कॉफी काही नाही. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची मिळून सरासरी काढायची आणि ती ठरलेल्या मर्यादेत बसली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. एखादी गाडी जास्त पेट्रोल पिते म्हणून तिच्यावर बंदी येत नाही. पण तिचं जास्तीचं पिणं दुसऱ्या गाड्यांच्या काटकसरीने भरून काढावं लागतं. एकत्र कुटुंबाचा महिन्याचा हिशेबच म्हणा ना.

ही कल्पना अमेरिकेची. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि १९७५ मध्ये तिथे कायदा झाला. १९८५ पर्यंत गॅलनला साडेसत्तावीस मैल, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला पावणेबारा किलोमीटरच्या आसपास, अशी सरासरी गाठायची होती. त्यात एक फट राहिली. हलक्या ट्रकना सौम्य नियम लावला होता. मग कंपन्यांनी मोठ्या, उंच गाड्या ट्रकच्या वर्गात बसवल्या आणि त्याच खपवल्या. ही फट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या देशात हे काम ऊर्जा दक्षता ब्युरोकडे आहे. फ्रीजवर आणि एसीवर तारे लावतो तोच हा ब्युरो. पहिला टप्पा एप्रिल २०१७ पासून होता, किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. दुसरा एप्रिल २०२२ पासून, ११३ ग्रॅम. पेट्रोलच्या भाषेत सांगायचं तर शंभर किलोमीटरला ५.४९ लिटरवरून ४.७७ लिटरवर. लिटरला १८ वरून २१ किलोमीटर म्हटलं तरी चालेल. तिसरा टप्पा १ एप्रिल २०२७ पासून आणायचा प्रस्ताव आहे आणि सध्याचं भांडण त्याच्यावरच चाललंय.

भांडणात शिरण्याआधी एक गणित. कायदा ‘लिटरला किती किलोमीटर’ असं न मोजता ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असं मोजतो. का? दोन गाड्या घ्या. पहिली लिटरला १० किलोमीटर देते, ती सुधारून १२ वर आणली. दुसरी २० देते, ती २५ वर आणली. जास्त पेट्रोल कुठे वाचलं? सगळे म्हणतील दुसरीत, कारण तिथे पाच किलोमीटर वाढले. आता वही काढा. पहिली गाडी शंभर किलोमीटरला १० लिटर पीत होती, ती ८.३३ वर आली. १.६७ लिटर वाचलं. दुसरी ५ वरून ४ वर आली. वाचलं फक्त १ लिटर. म्हणजे खादाड गाडी थोडी जरी सुधारली तरी देशाचं तेल जास्त वाचतं. आपण कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो. त्या देशाने कात्री कुठे लावावी, याचं उत्तर या साध्या गणितात आहे.

आणि आपला नियम नेमका इथे हात आखडता घेतो. ती मर्यादा सगळ्या कंपन्यांना सारखी नाही, ती गाड्यांच्या सरासरी वजनावर ठरते. सध्याच्या टप्प्यात ४.७७ लिटर हा आकडा ११४५ किलो सरासरी वजनाला धरलेला आहे. वजन शंभर किलोने वाढलं की मर्यादा शंभर किलोमीटरला ०.२ लिटरने सैल होते, आणि शंभर किलोने उतरलं की तेवढीच आवळते. समजा एका कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन ९०० किलो आहे. तिने ४.२८ लिटरमध्ये भागवायचं, म्हणजे लिटरला २३ च्या वर द्यायचं. दुसरीचं वजन १५०० किलो. तिला ५.४८ लिटरची मुभा, १८ दिले तरी चालेल. ताटात कमी वाढून घेणाऱ्यालाच ‘अजून कमी खा’ म्हणायचं आणि पंक्तीतल्या दांडग्याला आग्रह करायचा, असा हा प्रकार. नव्या मसुद्यातही वजनाचं सूत्र कायम आहे.

त्यातूनच आजचा वाद उभा राहिलाय. सप्टेंबर २०२५ च्या मसुद्यात छोट्या पेट्रोल गाड्यांना किलोमीटरला ३ ग्रॅमची सवलत सुचवली. अटी तीन: वजन ९०९ किलोपर्यंत, इंजिन १२०० सीसीपर्यंत, लांबी चार मीटरपर्यंत. मारुती सुझुकीने छोट्या गाडीला सवलत हवी अशी बाजू लावून धरली. टाटा मोटर्स आणि महिंद्र यांनी विरोध केला. ज्याच्या दुकानात जो माल, तसं त्याचं म्हणणं, हे बोईसरच्या बाजारात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण मालकांचा स्वार्थ बाजूला ठेवला तरी दोन्हीकडे खरे मुद्दे उरतात.

छोट्या गाडीच्या बाजूने मुद्दा असा. स्कूटरवर पुढे एक, मागे एक आणि मध्ये एक बसवून मासवणहून पालघरला येणारं कुटुंब जेव्हा पहिली चारचाकी घेतं, तेव्हा ती छोटीच असते. पेट्रोल वाचवणाऱ्या यंत्रणेचा खर्च वीस लाखांच्या गाडीत मुरून जातो, पाच लाखांच्या गाडीत तो डोळ्यांवर येतो. विरोधकांचा मुद्दा असा की ९०९ किलोची रेषा मारली, तर कंपन्या गाडी सुधारण्याऐवजी रेषेच्या आत बसवण्याची कसरत करतील. सुरक्षेसाठी चार किलो पत्रा वाढवायचा असेल, तर आधी वजनकाटा बघतील. आपल्या महामार्गावर हा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. अर्थात नुसतं वजन माणसाला वाचवतं असंही नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ती गाडी मोठी आणि महागडी होती, आणि मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं होतं.

माझ्या मते सवलत हा फटीवर लावलेला ठिगळाचा उपाय आहे. वजनाच्या सूत्राचा उतार कमी करा, जड गाड्यांना मिळणारी सूट घटवा, म्हणजे हलक्या गाड्यांना वेगळी खिरापत वाटावी लागणार नाही. अमेरिकेतल्या ट्रकच्या फटीची आठवण ठेवायला सांगितलं होतं ती यासाठीच.

आता खिशाचा हिशेब. वर्षाला १५ हजार किलोमीटर गाडी चालवणारा माणूस १८ च्या गाडीवरून २१ च्या गाडीवर गेला, तर सुमारे ११९ लिटर पेट्रोल वाचतं. लिटरला शंभर रुपये धरले तर वर्षाला जवळपास १२ हजार. बोईसर-पालघर सीट भरणारा आपला वर्गमित्र तर त्याच्या कितीतरी पट गाडी चालवतो. त्याला गाडी थोडी महाग पडली तरी नियम फायद्याचा. पण निवृत्त झालेल्या आपल्या बाई वर्षाला ३ हजार किलोमीटरच चालवतात. त्यांचे वाचतील २४ लिटर, म्हणजे २४०० रुपये. त्यांच्या गाडीची किंमत वीस हजारांनी वाढली तर ते पैसे फिटायला आठ वर्षं लागतील. म्हणून ‘नियम कडक केला की सगळ्यांचंच भलं’ असं मी म्हणणार नाही. जो जास्त चालवतो त्याचं भलं आधी होतं. धूर मात्र सगळ्यांचा कमी होतो, आणि त्याची किंमत बाईंच्या हिशेबात मी धरलेली नाही.

दोन गोष्टी आपल्या भागातल्या माणसाला चटकन कळतात, त्या सांगतो.

पहिली मोजमापाची. कंपनी जो आकडा छापते तो रस्त्यावरचा नसतो, प्रयोगशाळेतला असतो. गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पळवतात. त्या वेळापत्रकाचं नाव मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. आद्याक्षरं जोडा. एमआयडीसी! हसा, हसा, मीही हसलो होतो. पण त्या एमआयडीसीत आणि आपल्या एमआयडीसीत फरक आहे. तिथे शिफ्ट सुटत नाही, टँकर आडवा येत नाही, चित्रालयपासून स्टेशनपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये रांगावं लागत नाही. म्हणून गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन म्हणतं, “शेठ, कागदावर बावीस आणि हातात पंधरा, इंजिन उघडा.” बहुतेक वेळा इंजिनात काही नसतं. टायरमधली हवा, चोंदलेला एअर फिल्टर आणि रस्ता, यांतच सात किलोमीटर सांडलेले असतात. तिसऱ्या टप्प्यात डब्ल्यूएलटीपी ही जास्त कठोर, जास्त खरी चाचणी आणायचं चाललंय. त्याचं मी दोन्ही हातांनी स्वागत करतो.

दुसरी गोष्ट विजेच्या गाडीची. या नियमात ती शून्य धुराची धरली जाते. वर सध्याच्या टप्प्यात सरासरी काढताना एक विजेची गाडी तीन गाड्यांइतकी मोजतात. म्हणजे कंपनीने थोड्या विजेच्या गाड्या विकल्या की जड पेट्रोल-डिझेल गाड्यांचं बरंच पाप धुतलं जातं. आता आपण बसलोय कुठे? एका अंगाला तारापूरचं अणुवीज केंद्र, १९६९ पासून चालू. दुसऱ्या अंगाला डहाणूचं ५०० मेगावॅटचं कोळशावरचं केंद्र. वीज कशातून येते हे या तालुक्यातल्या शाळेने शिकवावं लागत नाही, खिडकीतून दिसतं. विजेची गाडी गल्लीतला धूर नक्की कमी करते, आणि ती हवीच आहे. पण देशाच्या विजेचा मोठा वाटा अजून कोळशाचा आहे. तेव्हा तिला एकदा शाबासकी द्या, तीनदा नको.

आणि नियम पाळला नाही तर? ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. शंभर किलोमीटरला ०.२ लिटरपर्यंत चुकलं तर विकलेल्या प्रत्येक गाडीमागे २५ हजार रुपये दंड, त्याहून जास्त चुकलं तर ५० हजार. कागदावर जबर आहे. पण कागदाचं काय होतं ते आपण ओळखून आहोत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत तारापूर सर्वांत वर होतं. तेव्हा चिमण्यांना आणि सांडपाण्याला नियम नव्हते का? होते की! अमेरिकेतही या वर्षी जुलैत मायलेजचा कायदा तसाच ठेवून त्याचा दंड शून्य केला. दात काढलेल्या कुत्र्याने कितीही भुंकलं तरी चोर थांबत नाही. म्हणून नियम किती ग्रॅमचा, याच्याइतकंच महत्त्व प्रत्येक कंपनीचा आकडा दरवर्षी वेळेवर जाहीर होण्याला आहे.

तर माझं उत्तर: होय, नियम कडक करा. पण जड गाड्यांवर जास्त कडक करा, खऱ्या रस्त्याच्या जवळ जाणाऱ्या चाचणीने मोजा आणि दंड वसूल करा.

हे बोलताना माझ्या पोटावर पाय येतोय, हेही सांगतो. माझ्या गॅरेजमध्ये चार मुलं काम करतात. त्यातली तिघं याच शाळेची, दोघं तर दहावीनंतर थेट पाना हातात घेतलेली. हायब्रिडचं आणि विजेच्या गाडीचं काम पान्याने कमी आणि लॅपटॉपने जास्त होतं. ऑइल बदलणं, क्लच, सायलेन्सर, यांवर आमची चूल पेटते. ती कामं घटणार. त्या मुलांना ‘नियम नकोत’ असं सांगून मी चार वर्षं त्यांची समजूत काढू शकेन, पुढे काय? त्यापेक्षा त्यांना नवं काम शिकवायला आपल्यापैकी कोणी पुढे या. इथे पॉवर हाउसमधले आहेत, कारखान्यांतले इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेत, आयटीआयमध्ये शिकवणारे दोघे आहेत. महिन्यातून एक रविवार द्या. जागा माझी, चहा माझा.

शेवटी एक छोटं काम सगळ्यांना. एक वही करा. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरा, किती लिटर बसलं ते लिहा. बस्स. वर्षभराच्या वह्या पुढच्या मेळाव्याला घेऊन या. शाळेतल्या नववीच्या मुलांना आपण त्या देऊ. आपल्या रस्त्यांवर, आपल्या गाड्यांची खरी सरासरी ती मुलं काढतील आणि कंपनीच्या आकड्याशेजारी फळ्यावर मांडतील. सरासरीचा धडा पुस्तकातून शिकवणाऱ्या आपल्या सरांनाही ते आवडेल, ते समोरच बसलेत.

टायरमधली हवा मात्र आज घरी जातानाच तपासा. ती फुकट आहे.